आपल्याच राज्यकर्त्यांनी पाडलेलं शहर: नाईलच्या मुखावरचं दुम्यात

इ.स. १२५०-५१ मध्ये इजिप्तच्या राज्यकर्त्यांनी आपल्याच देशातलं एक भरभराटीचं शहर पाडून टाकलं. तट पाडले, घरं पाडली, एक मोठी मशीद तेवढी शिल्लक ठेवली. हे शहर काही महिन्यांपूर्वीच त्यांनी शत्रूच्या ताब्यातून सोडवून घेतलं होतं. शहरात बंड झालं नव्हतं, रोगराईमुळे ते सोडून द्यावं लागलं असंही नव्हतं. नदी जिथे समुद्राला मिळते त्या जागी ते उभं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

त्या शहराचं नाव दुम्यात. युरोपीय पुस्तकांत ते डॅमिएटा म्हणून भेटतं. आज ते कैरोच्या ईशान्येला साधारण दोनशे किलोमीटरवर, नाईलच्या पूर्वेकडच्या फाट्यावर आहे आणि इजिप्तमधल्या कुणालाही विचारलं तर तो सांगेल: फर्निचर घ्यायचं तर दुम्यातला जा. इजिप्त म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिरॅमिड आणि वाळवंट येतं, फार तर अलेक्झांड्रिया. पण इजिप्तची निम्म्याच्या आसपास माणसं नाईलच्या त्रिभुज प्रदेशात राहतात, तिथल्या शहरांबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. दुम्यात समजून घेतलं की हा सगळा प्रदेश कसा चालतो ते कळतं, म्हणून हा लेख.

आधी नदी. नाईल कैरोपर्यंत एकच प्रवाह म्हणून येते. कैरोच्या थोडं उत्तरेला ती फुटते. पश्चिमेकडचा फाटा रशीद गावाकडे जातो (रोझेटाचा प्रसिद्ध शिलालेख जिथे सापडला तेच हे गाव), पूर्वेकडचा दुम्यातकडे. दोन फाटे आणि भूमध्य समुद्राचा किनारा यांच्या मधला आणि आजूबाजूचा सपाट, काळ्या मातीचा पट्टा म्हणजे त्रिभुज प्रदेश. उत्तर-दक्षिण सुमारे १६० किलोमीटर, किनाऱ्याने सुमारे २४० किलोमीटर. प्राचीन काळी नाईलला सात मुखं होती असं हेरोडोटससारखे ग्रीक लेखक लिहितात. काही गाळाने बुजली, काही माणसाने कालवे काढून वळवली, आणि अखेर दोन उरली. त्या दोनांपैकी एका मुखाची राखण करणारं शहर म्हणजे दुम्यात. ग्रीक लोक त्याला तामियाथिस म्हणत, म्हणजे अरब येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे वस्ती होती.

आता मुखावर असणं म्हणजे काय ते नीट पाहू. वाफेची जहाजं आणि रेल्वे येण्यापूर्वी इजिप्तमध्ये माल हलवायचा सर्वांत स्वस्त मार्ग नाईल हाच होता. प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो आणि वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून दक्षिणेकडे. त्यामुळे समुद्राकडे जाताना होडी प्रवाहाने जाते, परत येताना शीड उभारलं की वारा ढकलतो. दोन्ही दिशांना फुकटची शक्ती. म्हणून समुद्रावरून आलेला माल मुखातून आत शिरला की कैरोपर्यंत विनासायास पोचे. पण जी वाट व्यापाऱ्याला तीच वाट आरमाराला. मुख ज्याच्या हातात त्याच्यासाठी कैरोचा रस्ता मोकळा. दुम्यातचं ऐश्वर्य आणि दुम्यातचे हाल, दोन्हींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

ऐश्वर्याचा भाग आधी सांगतो, कारण लढायांच्या गोष्टीत तो झाकला जातो. मध्ययुगात दुम्यात कापडासाठी गाजलेलं होतं. शेजारच्या मंझला सरोवरातलं तिन्नीस हे बेटावरचं शहर, जवळचं शता आणि दबीक, या सगळ्या पट्ट्यात जवसाच्या धाग्याचं तलम कापड विणलं जाई. खलिफाच्या नावाची ओळ काठावर विणलेलं कापड तयार करणारे सरकारी कारखाने इथे होते. असं वस्त्र दरबारातून मानाचा पोशाख म्हणून दिलं जाई. मक्केतल्या काबावर चढवायचं वस्त्रही या भागातल्या मागांवर विणलं गेलं आहे. सरोवराकाठची दमट हवा तलम धाग्याला मानवते, जवस मागच्या शेतांत पिकतो, आणि माल बाहेर न्यायला दारात समुद्र. विणकरांमध्ये कॉप्ट, म्हणजे इजिप्तचे मूळचे ख्रिस्ती, मोठ्या संख्येने होते. राज्य मुसलमानांचं, माग ख्रिस्त्यांचा, आणि त्या मागावर खलिफाचं नाव उमटतंय, असं हे गाव होतं.

पहिला मोठा घाव ८५३ साली बसला. मे महिन्यात बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती साम्राज्याचं, आरमार मुखातून आत आलं. शहरातली शिबंदी त्या वेळी कैरोजवळच्या फुस्तातला गेलेली होती, सुभेदाराने सणाच्या संचलनासाठी तिला बोलावून घेतलं होतं. शहर लुटलं, जाळलं गेलं. शेकडो बायकांना पकडून नेलं, त्यांत मुसलमानही होत्या आणि कॉप्टही. क्रीट बेटावरच्या मुसलमानांना पाठवायला ठेवलेला शस्त्रसाठाही शत्रूने नेला. इराकमधल्या सामर्राहून खलिफा मुतवक्किलने मग दुम्यातला तट बांधायचा हुकूम सोडला. इथून पुढे शहराचं रूप पालटलं. ते आता बंदरही होतं आणि किल्लाही.

यानंतर येतात क्रुसेडर, म्हणजे जेरुसलेमसाठी धर्मयुद्ध पुकारून निघालेले युरोपातले ख्रिस्ती, आणि इथे एक प्रश्न बहुतेकांना पडतो. त्यांना हवं होतं जेरुसलेम. मग ते इजिप्तच्या दलदलीत काय करत होते? उत्तर लष्करी हिशेबात आहे. ११८७ साली इजिप्तचा सुलतान सलाहुद्दीनने जेरुसलेम परत घेतलं तेव्हा सीरिया आणि इजिप्त एकाच घराण्याच्या हातात होते. पैसा, धान्य आणि सैन्य इजिप्तमधून येत होतं. जेरुसलेम कसंबसं घेतलंच तरी कैरो शाबूत असेपर्यंत ते टिकणार नाही, हे युरोपीय सरदारांना उमगलं. म्हणजे आधी इजिप्त मोडायचा. आणि इजिप्तमध्ये शिरायचं तर दुम्यातमधून. ११६९ मध्ये जेरुसलेमचा राजा अमालरिक आणि बायझंटाइन आरमार यांनी मिळून हा प्रयत्न केलाही होता, पण सलाहुद्दीनच्या वेळच्या त्या वेढ्यात त्यांच्याच सैन्याची उपासमार झाली आणि ते परतले.

१२१८ च्या मे महिन्यात पाचव्या क्रुसेडचं सैन्य पश्चिम काठावर उतरलं. शहर पूर्व काठावर. मधोमध नदी, आणि नदीच्या पात्रात एक भक्कम बुरूज. या बुरुजापासून शहराच्या तटापर्यंत लोखंडी साखळी ताणलेली असे. ती खेचली की एकही जहाज वर जाऊ शकत नाही. आधी बुरूज घेतल्याशिवाय शहराला हात लावता येईना. सुरुवातीचे हल्ले फसले. मग ऑलिव्हर नावाच्या एका जर्मन धर्मोपदेशकाने युक्ती काढली: दोन जहाजं एकमेकांना बांधायची, त्यांवर डोलकाठ्यांच्या आधाराने लाकडी मनोरा उभारायचा, आगीपासून बचावाला त्यावर कातडी मढवायची आणि वरून बुरुजावर शिडी टाकायची. ऑगस्टच्या अखेरीस हा तरंगता मनोरा बुरुजाला भिडला आणि बुरूज पडला. बातमी पोचल्यानंतर काही दिवसांतच वृद्ध सुलतान आदिल वारला. समकालीनांनी लिहिलं की धक्क्याने गेला. त्याचा मुलगा कामिल गादीवर आला.

कामिल हा या कथेतला मला सर्वांत लक्षणीय वाटणारा माणूस. साखळी गेली तेव्हा त्याने मालवाहू जहाजं पात्रात बुडवून नदीच अडवली. क्रुसेडरांनी जुना बुजलेला कालवा खणून वळसा घातला. मग सुलतानाविरुद्ध त्याच्याच सरदारांचा कट शिजला, त्याला छावणी सोडावी लागली, आणि त्या गोंधळात शत्रू नदी ओलांडून शहराला भिडला. वेढा आवळत गेला. १२१९ च्या सप्टेंबरात, लढाई थोडी थांबलेली असताना, इटलीतल्या असिसीचा फ्रान्सिस नावाचा फाटक्या कपड्यांतला साधू निःशस्त्र चालत कामिलच्या छावणीत गेला. त्याला सुलतानाला ख्रिस्ती करायचं होतं. सुलतानाने त्याचं ऐकून घेतलं आणि सुखरूप परत पाठवलं. दोघांत नेमकं काय बोलणं झालं याच्या पुढे अनेक दंतकथा रचल्या गेल्या, त्यांत मी जात नाही. पण वेढ्याच्या ऐन धामधुमीत असं काही घडू शकलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कामिलने तहाचा प्रस्तावही दिला: तुम्ही इजिप्त सोडा, जेरुसलेम घ्या. ज्याच्यासाठी युद्ध मांडलं तेच पदरात पडत होतं. जेरुसलेमचा नामधारी राजा जॉन ऑफ ब्रिएन तयार होता. पोपचा प्रतिनिधी पेलागियस नाही म्हणाला. १२१९ च्या ५ नोव्हेंबरला दुम्यात पडलं. आत शिरलेल्यांना रस्त्यांवर, घरांत प्रेतं दिसली. वेढ्यात उपासमारीने आणि रोगाने शहरातले बहुसंख्य लोक आधीच मेले होते. मोठ्या मशिदीचं चर्च करण्यात आलं. या क्रुसेडबद्दल लिहिताना राजे आणि कार्डिनल यांच्यावर पानं भरतात. मला वाटतं, त्या बंद दरवाजांच्या आत गेलेल्या हजारो विणकरांचा, कोळ्यांचा, बायकापोरांचा उल्लेख आधी व्हायला हवा.

पुढे जे झालं ते समजायला नाईलचा पूर माहीत हवा. इजिप्तमध्ये पाऊस जवळपास नाहीच. पण इथिओपियाच्या डोंगरांत जूनपासून पावसाळा कोसळतो आणि ते पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खाली पोचतं. आभाळ निरभ्र आणि नदी मात्र रोज चढत जाणारी, हे परक्या माणसाला उमजत नाही. क्रुसेडर सैन्य १२२१ च्या जुलैमध्ये, नेमक्या पाणी चढण्याच्या दिवसांत, दुम्यातहून दक्षिणेला निघालं. कामिलने वेढ्याच्या काळातच नदीकाठी एक छावणी वसवली होती. ती पुढे मन्सूरा शहर झाली. क्रुसेडर तिच्यासमोर दोन प्रवाहांच्या बेचक्यात येऊन थांबले. इजिप्शियन होड्या कालव्यातून वळसा घालून त्यांच्या मागे उतरल्या आणि दुम्यातहून येणारी रसद तुटली. मागे फिरू लागताच सुलतानाच्या माणसांनी बंधाऱ्यांची दारं उघडली. शेतं पाण्याखाली गेली, वाटा चिखलात रुतल्या. ऑगस्टअखेर त्यांनी शरणागती पत्करली आणि दुम्यात परत दिलं. कामिलने त्या भुकेल्या सैन्याला खायलाही घातलं, हे खुद्द त्या ऑलिव्हरने नोंदवून ठेवलं आहे.

तिन्नीसचं भवितव्यही याच काळात ठरलं. ते बेटावरचं विणकरांचं शहर सलाहुद्दीनच्या वेळीच रिकामं करवलं होतं. १२२७ मध्ये कामिलने ते पाडून टाकलं, कारण शत्रूच्या हाती पडलं तर आयता तळ मिळेल. दुम्यातच्या नशिबात पुढे काय आहे याची ती पहिली खूण होती.

१२४९ मध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई आला. या वेळी वेढाच पडला नाही. किनाऱ्यावरच्या पहिल्या चकमकीनंतर सेनापती फख्रुद्दीन रातोरात सैन्य घेऊन मागे सरला. ते पाहून शिबंदी आणि नागरिक पळाले, आणि घाईत होड्यांचा पूलही तोडायचा राहिला. तीस वर्षांपूर्वी सुमारे दीड वर्ष झुंजलेलं शहर एका दिवसात गेलं. आजारी सुलतान सालिहने पळालेल्या शिबंदीच्या म्होरक्यांना फाशी दिली. लुई मागच्यांच्या चुकीवरून शिकला होता, पूर ओसरेपर्यंत तो दुम्यातमध्येच थांबला. नोव्हेंबरात सुलतान वारला. त्याची पत्नी शजरुद्दुर हिने मृत्यू लपवला आणि सुलतानाच्या नावाने हुकूम सुटत राहिले. फेब्रुवारी १२५० मध्ये मन्सूराच्या गल्ल्यांत क्रुसेडरांची आघाडी कापली गेली. एप्रिलमध्ये दुम्यातकडे माघार घेताना फारसकूरजवळ राजा लुई पकडला गेला.

त्याच दिवसांत दुम्यातमध्ये राणी मार्गारेट बाळंत झाली. नवरा कैदेत, आणि शहरात राहिलेले पिसा-जिनोआचे इटालियन लोक अन्न नाही म्हणून निघून जायच्या बेतात. ते गेले तर शहर जाणार, आणि शहर गेलं तर राजाच्या बदल्यात द्यायला काही उरणार नाही. बाळंतिणीच्या खाटेवरून तिने त्यांना बोलावून घेतलं, शहरातलं अन्नधान्य स्वतःच्या खर्चाने विकत घेतलं आणि त्यांना थांबवलं. पुढे तह झाला. सैन्यासाठी ४ लाख लिव्र (फ्रेंच चलन) खंडणी, आणि राजाच्या सुटकेसाठी दुम्यात. मे महिन्यात शहर परत मिळालं. मधल्या उलथापालथीत नवा सुलतान मारला गेला होता आणि शजरुद्दुर स्वतः गादीवर बसली होती. तिची कारकीर्द काही आठवड्यांचीच ठरली. खरी सत्ता तिच्या मागे उभ्या असलेल्या ममलूक, म्हणजे गुलाम-सैनिकांतून वर आलेल्या, सरदारांकडे जात होती.

आता सुरुवातीचा प्रश्न सोपा होतो. ममलूकांनी पाहिलं की पन्नास वर्षांच्या आत हे शहर दोनदा शत्रूच्या हाती गेलं आणि दोन्ही वेळा त्याच्या तटांचा उपयोग शत्रूलाच झाला. तट जितके मजबूत, तितकं शहर परत घेणं अवघड. म्हणून त्यांनी शहरच मोडलं. पुढे १२६१ मध्ये सुलतान बैबर्सने मुखाशी दगड टाकून मोठ्या जहाजांची वाटही अडवली. हताश होऊन केलेली ही गोष्ट नव्हती. थंड डोक्याने केलेला हिशेब होता, आणि लष्करी दृष्टीने तो बरोबरही ठरला: नाईलमार्गे कैरोवर चालून जाण्याचा असा प्रयत्न क्रुसेडरांनी पुन्हा केला नाही. ज्यांची घरं पाडली त्यांना मात्र या हिशेबात कुणी विचारलं नाही.

लोक हटले नाहीत. जुन्या शहराच्या थोडं दक्षिणेला बोरूच्या झोपड्यांची वस्ती उभी राहिली. झोपड्यांची घरं झाली, घरांचा बाजार झाला, आणि आजचं दुम्यात हे त्या वस्तीचं वाढलेलं रूप आहे. पाडापाडीतून वाचलेली मशीद अम्र इब्न अल-आस या इजिप्त जिंकणाऱ्या अरब सेनापतीच्या नावाने ओळखली जाते. लोक तिला अबुल मआती या संताच्या नावानेही ओळखतात, त्याची कबर तिथेच आहे. मशीद, मग चर्च, पुन्हा मशीद, पुन्हा चर्च, पुन्हा मशीद, असा तिचा प्रवास झाला.

ऑटोमन काळात दुम्यात पुन्हा सधन झालं, या वेळी तांदळावर. मुखाजवळच्या खाजणात भात चांगला येतो आणि तो तांदूळ समुद्रमार्गे सीरिया, इस्तंबूलपर्यंत जाई. सीरियातले ख्रिस्ती व्यापारी मोठ्या संख्येने येऊन इथे स्थायिक झाले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्यातल्या बासिली फख्र या व्यापाऱ्याभोवती जमलेल्या मंडळींनी ज्ञानोदयाच्या काळातले युरोपीय ग्रंथ अरबीत आणायला सुरुवात केली. कैरोत सरकारी भाषांतरांचं युग सुरू होण्याच्या आधी एका बंदरातल्या घरात हे काम चालू होतं, आणि त्याची आठवण फार कमी जण काढतात.

या सधनतेला उतरती कळा लागली ती कालव्यांमुळे. १८२० मध्ये इजिप्तचा शासक मुहम्मद अलीने महमूदिया कालवा काढून नाईलचा पश्चिम फाटा अलेक्झांड्रियाला जोडला. अलेक्झांड्रियाजवळ खोल समुद्र, मोठी जहाजं थेट धक्क्याला. दुम्यातच्या मुखाशी गाळाची पट्टी, जहाजं बाहेर उभी करून माल छोट्या होड्यांतून आत आणायचा. व्यापार हळूहळू पश्चिमेला सरकला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि थोड्याच अंतरावर पोर्ट सैद हे नवं बंदर उभं राहिलं. मुखावर असण्याचा फायदा संपला.

इथून पुढचा भाग मला सर्वांत आवडतो. इजिप्तमध्ये जंगल नाही. इमारती लाकूड फेरोंच्या काळापासून बाहेरून येतं. आणि तरी सगळ्या देशाचं फर्निचर बनवणारं गाव म्हणून दुम्यातने नाव काढलं. बंदर असल्यामुळे लाकूड इथे उतरत होतंच, आणि होड्या बांधणाऱ्या हातांना लाकूड वाकवणं, सांधे बसवणं नवीन नव्हतं. सुतारी त्यातून वाढली असावी असं मला वाटतं. आजही मुखाजवळच्या इज्बत अल-बुर्ज गावात लाकडी मासेमारी बोटी बांधल्या जातात.

दुम्यातमध्ये एक मोठा कारखाना दाखवा म्हटलं तर पंचाईत होईल, कारण कारखाना म्हणजे अख्खं गाव. एका गल्लीत नुसते सांगाडे बनतात. तिथून ते हातगाडीवर किंवा तीनचाकीवर लादून नक्षीवाल्याकडे जातात. त्याच्या कामाला ओयमा म्हणतात: पटाशी आणि लाकडी हातोडीने खुर्चीच्या पाठीवर, पलंगाच्या डोक्याशी पानं, फुलं, वळसे कोरायचे. पुढे उस्तुर्गी, म्हणजे पॉलिश आणि सोनेरी मुलामा चढवणारा. शेवटी गादी-कापड बसवणारा. बहुतेक कार्यशाळा घरगुती, बापाकडून मुलाकडे आलेल्या. पलंग, आरसा, सोफा, जेवणाचं टेबल यांना ग्राहकाची पसंती पंधराव्या-सोळाव्या लुईच्या काळातल्या फ्रेंच धाटणीला. लाकूड मुख्यतः युरोपातून येणारं बीच, आतल्या कामाला पाइन.

हे सगळं खपतं लग्नांमुळे. इजिप्तमध्ये लग्न ठरलं की घर सजवण्याचा खर्च दोन्ही घरांत वाटून घेतला जातो, आणि सामानाची एक तपशीलवार यादी करून नवरामुलगा तिच्यावर सही करतो. या यादीला कायमा म्हणतात. ते सामान बायकोचं मानलं जातं, आणि बेबनाव झाला तर ती यादी कोर्टात चालते. म्हणजे दुम्यातच्या नक्षीदार पलंगाला सजावटीपलीकडे एक कायदेशीर वजन आहे: तो त्या मुलीच्या हक्काची मत्ता आहे. म्हणून दक्षिण इजिप्तमधूनसुद्धा दोन्हीकडची वडीलधारी मंडळी गाडी करून इथे येतात आणि दुकानामागून दुकान पालथं घालतात.

या धंद्याची नस परकीय चलनात आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये इजिप्तने पौंड बाजारभावावर सोडला आणि त्याची किंमत जवळपास निम्म्यावर आली. आयात लाकूड एकदम महागलं, लग्नं करणाऱ्यांचे खिसे मात्र तेच. अनेक छोट्या कार्यशाळा बंद पडल्या, पोरं रिक्षा चालवायला लागली. सरकारने २०१९ मध्ये शहराबाहेर ‘दुम्यात फर्निचर सिटी’ सुरू केली. आधुनिक यंत्रं, मोठ्या शेड, निर्यातीची स्वप्नं. पण जो नक्षीवाला घराच्या तळमजल्यावर काम करतो, ज्याचा सांगाडेवाला पलीकडच्या गल्लीत आणि पॉलिशवाला चार दारं पुढे आहे, त्याला शहराबाहेरच्या शेडमध्ये नेलं तर ही साखळीच तुटते. गल्लीतली ही व्यवस्था मागासलेली वाटते, पण ती स्वस्त पडते आणि तिच्यात उधारी, सल्ला, मदत सगळं फिरत असतं. योजना आखणाऱ्यांनी तिचं मोल कमी धरलं, असं माझं मत आहे.

खाण्याबद्दल थोडंसं. ‘दुम्याती’ हे पांढरं मऊ चीज सगळ्या इजिप्तच्या न्याहारीत असतं. बहुतेक चीजमध्ये मीठ शेवटी घालतात. इथे ते आधीच दुधात घालतात आणि मग रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) लावतात, कारण गरम हवेत दूध नासू नये. म्हशीचं किंवा गाईचं दूध, आणि तयार चीज खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने टिकतं. मुशब्बक ही इथली मिठाई आपल्या जिलबीचीच मोठ्या जाळीची बहीण: आंबवलेलं पीठ, तेलात गोल जाळी, वरून पाक. कांद्याचं सारण भरलेलं बदकही दुम्यातचंच. गावातले लोक हिशेबी आणि कामसू म्हणून देशभर ओळखले जातात.

माणसंही मोठी दिली या गावाने. भौतिकशास्त्रज्ञ अली मुस्तफा मुशर्रफा १८९८ मध्ये इथे जन्मले. लंडन विद्यापीठाची डीएस्सी मिळवणारे ते पहिले इजिप्शियन. आइशा अब्दुर्रहमान १९१३ मध्ये जन्मल्या. वडील कडक धार्मिक, मुलीने शाळेत जाऊ नये असं त्यांचं मत. ती शिकली, टोपणनावाने लिहू लागली, आणि पुढे कुराणाच्या साहित्यिक अभ्यासात अधिकारी व्यक्ती झाली. टोपणनाव घेतलं ‘बिंत अश-शाती’, किनाऱ्याची लेक, कारण तिचं बालपण दुम्यातच्या नदीकाठी गेलं होतं.

आता शेवटी पुन्हा मुखाकडे. शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर रास अल-बर्र. इथे नदी आणि समुद्र यांच्यामध्ये जमिनीचं एक टोक निघालं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कैरोचे सधन लोक उन्हाळ्यात इथे येत, बोरूच्या झोपड्यांत राहत. हिवाळ्यात समुद्र आत येई म्हणून झोपड्या मोडून ठेवत आणि उन्हाळ्यात पुन्हा उभारत. प्रसिद्ध गायिका उम्म कुलसूमही इथे उन्हाळ्याला येई. आता तिथे पक्के बंगले आहेत, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

हे टोक गाळाचं बनलेलं आहे. दर पुराला नदी गाळ आणायची, समुद्र त्यातला थोडा खायचा, हिशेब जुळायचा. १९६४ पासून आस्वानच्या मोठ्या धरणाने पाणी अडवलं आणि गाळ तिथेच बसू लागला. पूर थांबले, वीज आली, दुष्काळाची भीती गेली. हे फायदे खरे आहेत आणि कुणी ते नाकारू नयेत. पण मुखाशी समुद्राचं खाणं चालूच राहिलं आणि नदीचं देणं बंद झालं. किनारा मागे सरकू लागला. समुद्रात दगडी बांध टाकून रास अल-बर्र वाचवावं लागलं. मासेमारीलाही फटका बसला. पुराच्या पाण्यातली खतं समुद्रात पोचत तेव्हा सार्डिनचे थवे किनाऱ्याशी येत. १९६२ मध्ये सुमारे १८,००० टन सार्डिन पकडले गेले होते, १९६८ मध्ये ते ५०० टनांच्याही खाली आले. इज्बत अल-बुर्जच्या बोटी लांबच्या पाण्यात जाऊ लागल्या, आणि परक्या हद्दीत शिरल्याबद्दल तिथले कोळी दुसऱ्या देशांच्या तुरुंगांत अडकल्याच्या बातम्या येत राहतात.

खारं पाणी नदीतून वर येऊ नये म्हणून फारसकूरजवळ बांध घातला आहे. म्हणजे नाईलचा शेवटचा तुकडा आज नदीपेक्षा खाडीच जास्त आहे. जमीन मात्र दुहेरी कात्रीत सापडली आहे: समुद्राची पातळी चढते आहे, आणि नवा गाळ न मिळालेला जुना गाळ दबून खाली बसतो आहे. किनाऱ्याचा बराच भाग समुद्रपातळीपेक्षा जेमतेम मीटरभर उंच. भूगर्भातून खारं पाणी शेतांखाली सरकतं. आंतरराष्ट्रीय मदतीने दुम्यातसह त्रिभुज प्रदेशातल्या पाच जिल्ह्यांत मिळून ६९ किलोमीटर लांबीचे वाळूचे बांध उभारण्याचं काम हाती घेतलं गेलं, त्यात वाळू अडवायला बोरूचीच कुंपणं वापरतात.

आणि भात. भाताच्या शेतात उभं राहणारं गोडं पाणी जमिनीतला खार खाली दाबून धरतं, म्हणून मुखाजवळच्या शेतकऱ्यासाठी भात हे पीकही आहे आणि जमीन वाचवायचा उपायही. पण इजिप्तला पाण्याची चणचण आहे, म्हणून सरकार दरवर्षी भाताखालचं क्षेत्र ठरवून देतं आणि त्याबाहेर लावणी केली तर दंड करतं. कैरोतल्या कागदावर हा पाणीबचतीचा निर्णय आहे. दुम्यातच्या शेतकऱ्याला तो जमीन खारवण्याचा निर्णय वाटतो, आणि त्याच्या बांधावर उभं राहून पाहिलं तर त्याचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही.